रविवारच्या बरण्या

जर्मनीत रस्त्यावरच्या, काच गोळा करायच्या डब्यात रविवारी बाटल्या टाकायच्या नसतात. शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होतो. माझ्याच इमारतीत राहणारा सदानंद ते विसरला. माझ्याकडे जेवून, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या घेऊन तो खाली गेला आणि तळमजल्यावरच्या म्हातारीने त्याला अडवलं. मी खिडकीतून पाहत होतो. ती बोट नाचवत बोलत होती आणि हा मान खाली घालून पुन्हा पुन्हा माफी मागत होता.

अर्ध्या तासापूर्वी हाच माणूस माझ्या टेबलावर हात आपटत ओरडत होता, "आपल्या लोकांना दंडुकाच हवा! मतं विकतात आणि मग पाच वर्षं रडत बसतात." मला त्याची चीड आली. खरं तर माझीही यायला हवी होती, कारण समोर बसून मान मीच डोलावत होतो. इथे आमच्या इमारतीच्या सभेत आम्ही दोघांनी कधी तोंड उघडलेलं नाही. सगळी मर्दुमकी तिकडच्यांसाठी राखून ठेवलेली.

तो बरण्यांसकट वर आला तेव्हा गावाहून माझ्या बहिणीचा फोन स्पीकरवर चालू होता. चार दिवस त्यांच्या नळाला पाणी नव्हतं. सदानंदने लगेच फोनकडे वाकून सुनावलं, "ताई, तुम्ही लोक नगरसेवकाला जाब का विचारत नाही?"

"त्याच्याच दारात उभ्या आहोत, भाऊ. हंडे घेऊन," ती म्हणाली. "तुम्ही तिकडे कुणाला विचारता?"

सदानंदने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या हातातल्या बरण्या घेतल्या आणि ओट्याखाली ठेवल्या, जराही आवाज होऊ न देता.