तार उनी का?

शेजारच्या अक्का पाक कधीच स्वयंपाकघरात करत नसत. धुळ्यात, देवपुरातल्या आमच्या गल्लीत, त्यांचा ओटा अगदी रस्त्याला लागून होता. तिथे उंबऱ्याजवळ शेगडी मांडायची, वर कल्हईची पितळी कढई चढवायची आणि रस्त्याकडे तोंड करून बसायचं, ही त्यांची रीत. धूळ उडायची, पोरांचा चेंडू येऊन शेगडीशी थांबायचा, तरी बाई जागा सोडायच्या नाहीत. "अक्कांच्या यजमानांनी, नानांनी एवढं मोठं स्वयंपाकघर बांधलं, ते काय उंदरांना नाचायला?" असं मी नवी नवरी असताना सासूबाईंना विचारलं होतं. सासूबाईंनी मला डोळ्यांनीच गप्प केलं आणि तांदूळ निवडत राहिल्या.

मी अमळनेरची. लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा टीव्ही गल्लीत एकाच घरी होता आणि गप्पा मात्र घरोघरी होत्या. माझी जीभ माहेरपासूनच सैल. सासरी दोन दिवस गप्प बसले आणि तिसऱ्या दिवशी अक्कांच्या ओट्यावर जाऊन बसले. आमच्या दोन घरांची भिंत एकच होती, त्यामुळे ते घर मला अर्धं आपलंच वाटायचं.

अक्कांच्या हाताला काय गोडी होती म्हणून सांगू. कोहळा, कच्ची पपई, संत्र्याची साल, हाताला लागेल ते त्या पाकवायच्या. पपईचे लाल-हिरवे तुकडे चाळणीवर वाळत पडले की काचेच्या मण्यांसारखे चकाकायचे. पण त्यांचा खरा जीव आवळ्यात. थंडी सुरू झाली की एरंडोलकडच्या त्यांच्या माहेराहून पोतंभर आवळे यायचे. ते बाभळीच्या काट्यानं टोचायचे, तुरटीच्या पाण्यात ठेवायचे, मग वाफवून आधी पातळ पाकात सोडायचे. दुसऱ्या दिवशी पाक थोडा घट्ट करायचा, तिसऱ्या दिवशी आणखी थोडा. मला कुठला इतका धीर? मी एकदा म्हटलं, एकदमच घट्ट पाकात टाकले तर काय बिघडतं? अक्का हसल्या. आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "घाई करी तं फळ आंग चोरी लेस, पोरी. त्याले कळू बी नको देवू का गोड व्हई राहिनं." घाई केली की फळ आक्रसतं, सुरकुततं, हे मी पुढे स्वतःच्या चुलीवर पुष्कळदा पाहिलं.

त्यांच्या ओट्यावरचा माझा पहिलाच दिवस होता. अक्कांना जवळचं नीट दिसायचं नाही, म्हणून त्यांनी मला पाक बघायला बसवलं. मी चमच्यातला थेंब अंगठ्यावर घेतला, त्याला बोट टेकवलं, उचललं, तर मधोमध छान लांब तार. माहेरी शिकल्याप्रमाणे मी जोरात म्हटलं, "अक्का, तार आली!"

त्यांच्या हातातला झारा खाली पडला. त्या उठल्या त्या अनवाणीच ओट्यावरून उतरल्या, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. आधी पुलाच्या बाजूला पाहिलं, मग शाळेच्या बाजूला. "कोठे शे? कोठे शे तारवाला?" मला काही समजेना. मी बोटं तशीच धरून बसले होते. त्या परत आल्या, माझ्या बोटांकडे त्यांनी पाहिलं, आणि मग सावकाश शेगडीपाशी बसल्या. तोवर पाक पुढे जाऊन कढईच्या कडेला साखर धरली होती. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आमना घरमा दोरा म्हंतस, पोरी. दोरा उना, असं सांगो." उना म्हणजे आला.

घरी येऊन मी सासूबाईंना धरलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. अक्का आणि नानांना एकच मुलगा, शरद. मी लग्न होऊन येण्याच्या काही वर्षं आधी तो सुरतेला गिरणीत नोकरी बघायला म्हणून सकाळच्या एसटीनं गेला. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. अक्कांचा पाक बघायचं काम त्याचंच असे, बोट भाजायचं, तरी बोट घातल्याशिवाय राहायचा नाही, आणि घरभर ओरडायचा, "तार आली, आई." जायच्या दिवशीही अक्का ओट्यावर पाक करत होत्या. त्यानं पाक पाहिला, बोट चाटलं, ट्रंक उचलली आणि म्हणाला, "पोचलो की तार करतो." ती तार आलीच नाही. नानांनी सुरतेच्या किती फेऱ्या केल्या. पोलीस झाले, दवाखाने झाले, गावचे ओळखीचे झाले. तो सुरतेत पोचला की नाही, हेसुद्धा कुणाला सांगता आलं नाही.

तेव्हापासून अख्खी गल्ली 'दोरा' म्हणायला लागली होती. दिवाळीला कुणाच्या घरी चिरोट्यांचा पाक असो की संक्रांतीला हलवा, या गल्लीत पाकाला दोराच येई. नवीन सून आली की तिला पहिल्याच आठवड्यात हे शिकवलं जायचं. मला शिकवायचं राहून गेलं, कारण मी फार लवकर ओट्यावर जाऊन बसले.

अक्का रडक्या होत्या असं मात्र कुणी समजू नये. चांगल्या टोमणे मारायच्या. माझा पहिला पाकवलेला कोहळा हातात घेऊन म्हणाल्या, "हाई ठेवी दे. भिंतले खिळा ठोकाले कामे ई." दरवर्षी आवळे तयार झाले की पहिली बरणी त्या शरदच्या नावानं फडताळात ठेवायच्या, आणि मागच्या वर्षीची काढून गल्लीतल्या पोरांना वाटायच्या. वर्षभर थांबलेले ते आवळे असे काळपट, पारदर्शक झालेले असायचे, की दिव्यापुढे धरले तर आतली बी दिसायची. पोरं ते मिटक्या मारत खायची. माझ्या घशाखाली तो आवळा कधी उतरला नाही, आणि अक्कांनी मला कधी आग्रहही केला नाही.

आणि ती भिंत. दुपारी आमच्याकडे सगळे झोपले की पलीकडून अक्कांचा आवाज यायचा. "थांब ना जरासा. हात नको लावू, गरम शे." पहिल्यांदा मला वाटलं, कुणाचं पोर आलं असेल. मी बाहेर येऊन पाहिलं. ओट्यावर दुसरं कुणी नव्हतं, नाना बाजारात गेलेले, अक्का एकट्या कढईपुढे, आणि बाजूला एक रिकामा पाट मांडलेला. मी पाय न वाजवता परत आत आले. पुढे सवय झाली. पण खरं सांगते, सवय झाली ती जास्त वाईट. त्या थांबल्या की मीही श्वास धरून थांबायचे. पलीकडून कुणी उत्तर देतंय का, ते ऐकत राहायचे.

नाना याच्या उलट. ते ओट्यावर बसले तरी रस्त्याकडे पाठ करून बसायचे आणि पेपर वाचायचे. एकदा त्यांनी घर विकून गावी जायचा विषय काढला. शेताचा तुकडा होता, भाऊबंद होते, म्हातारपणी बरं पडलं असतं. अक्का म्हणाल्या, "त्याले हाऊच पत्ता ठाऊक शे." नानांनी पेपर उचलला आणि विषय संपला. मला म्हणाले, "हिचं डोकं ठिकाणावर नाही, पोरी. गेलेलं माणूस असं येतं का?" ते कचेरीत नोकरी केलेले, माझ्याशी शुद्ध बोलायचे.

एका दुपारी तारवाला खरोखर आमच्या गल्लीत वळला. खाकी कपडे, सायकल, हातात गुलाबी कागद. मी खिडकीतून पाहत होते. अक्कांनी कढई उतरवली, पदराला हात पुसले, केस सारखे केले आणि उठून उभ्या राहिल्या. सायकल त्यांच्या ओट्यासमोरून पुढे गेली आणि आमच्या दारात थांबली. माझीच तार होती. वडील अत्यवस्थ, ताबडतोब ये. अक्का मागोमाग आल्या, माझी पिशवी त्यांनीच भरली, लुगड्याच्या गाठीतलं भाडं माझ्या मुठीत कोंबलं आणि मला अमळनेरच्या गाडीत बसवायला स्टँडपर्यंत आल्या. गाडी सुटताना खिडकीतून माझा हात धरून म्हणाल्या, "वाईट का व्हयेना, पोरी, पन उनी तं." वडील त्या दुखण्यातून उठले. पण अक्कांचं ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. वाईट बातमीचाही कुणाला हेवा वाटू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग वर्षं गेली. गल्लीच्या तोंडाशी एसटीडीचं दुकान आलं, दोन-तीन घरांत फोन आले, तार करणारं कुणी उरलं नाही. अक्का थकल्या. एका थंडीत त्यांनी अंथरूण धरलं. खाट मात्र आतल्या खोलीत घालू दिली नाही. बाहेरच्या खोलीत, दारातून रस्ता दिसेल अशी घातली. जेवण तुटलं होतं, डॉक्टर नानांशी बाजूला जाऊन बोलायचे. आवळे आलेच होते. "आवळा नासी जाई," एवढंच त्या सारखं म्हणत राहिल्या, म्हणून मी ओट्यावर शेगडी पेटवली आणि त्यांच्याच कढईत पाक चढवला.

तिसऱ्या दिवसाचा, शेवटचा पाक. ऊन ओट्यावर आलं होतं. नाना खाटेच्या पायथ्याशी बसले होते. मी थेंब बोटावर घेतला, बोटं उघडली, आणि आतून आवाज आला.

"तार उनी का?"

इतक्या वर्षांत तो शब्द त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नव्हता. नानांनी मान खाली घातली. त्यांना कोणती तार विचारायची होती, देव जाणे. माझ्या बोटांमध्ये तार होती, लांब, न तुटता ताणलेली. मी त्यांच्याच बोलीत म्हटलं, "उनी, अक्का."

"काय लिखेल शे?"

मी नानांकडे पाहिलं. ते वर बघत नव्हते. बोटांमधली तार तुटली.

"पोचलो," मी म्हटलं.

अक्का म्हणाल्या, "येवढंच?" आणि स्वतःच म्हणाल्या, "शब्दाले पैसा पडस ना." त्यांचे डोळे मिटलेले होते, चेहरा अगदी सैल पडला होता. "मंग उतार ना कढई. जास्ती नको आटू देवू. आनी त्याले सांग, हात नको लावू. गरम शे अजून."

मी कढई उतरवली. दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का गेल्या. त्यांना मी काय सांगितलं आणि त्या काय समजल्या, याचा विचार मी अजून करते. पाकाचीच गोष्ट त्या करत असतील, असं मनाला समजावते. एखाद्या दिवशी ते पटतं.

दिवस-वार झाले, घर विकायचं ठरलं. नाना गावी निघाले, त्या सकाळी कढई घेऊन माझ्याकडे आले. ती माझ्या दारात ठेवली, आणि जाईनात. टोपी काढली, पुन्हा घातली.

"पोरी, एक विचारू? त्या दिवशीनी तार... पाकनीच व्हती ना?"

नाना माझ्याशी कधी अहिराणीत बोलले नव्हते. मी म्हटलं, "हो नाना. पाकाचीच."

"हां. माले ठाऊकच व्हतं." त्यांनी मान हलवली. मग खिशातून चिठ्ठी काढली, गावाचा पत्ता त्यांनी आधीच लिहून आणला होता. ती माझ्या हातात देऊन म्हणाले, "कोनी उनं, तं सांगजो." आणि ओट्यावरून उतरताना त्यांनी आधी पुलाच्या बाजूला पाहिलं, मग शाळेच्या बाजूला.

माझं स्वयंपाकघरही मोठं आहे, गॅस आहे, पंखा आहे. पण पाक मी तेव्हापासून ओट्यावरच करते.