अण्णांची गाडी आणि कापलेला हात

मंडळी, आज सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय.

भाच्याने घरी मोटरसायकल उचलायचा स्टँड आणला. दांडा दाबला की मागचं चाक वर. घरच्या ग्रुपवर त्या स्टँडचा फोटो टाकला आणि शेजारी माझ्या वडिलांचा, अण्णांचा. साठ-बासष्ट सालचा, पनवेलच्या आमच्या अंगणात मोटरसायकल दुरुस्त करतानाचा. खाली लिहिलं, 'आजोबा असल्या स्टँडशिवाय एकट्याने गाडी खोलायचे.'

एकट्याने?

गाडीचा स्टँड कधीच मोडला होता. दर रविवारी आई पदर खोचून मागचं कॅरिअर उचलायची आणि अण्णा खाली लाकडी ठोकळा सरकवायचे. आई जासई गावची, मिठागरावर वाढलेली. "मी धरलंय, तुमी बेगीन सरकवा," म्हणायची. मग काम संपेपर्यंत गाडी कलू नये म्हणून धरून उभी. पुढे तिची कंबर गेली, तेव्हा अण्णा म्हणाले, "हिचं हाड मुळातच नाजूक."

मूळ फोटो माझ्याकडे आहे. त्यात कॅरिअरवर आईचा बांगड्या घातलेला हात दिसतो. भाच्याने तेवढाच कापलाय. मी लगेच पूर्ण फोटो टाकला.

त्याचं उत्तर आलं, "आत्या, त्या हाताने फोटो बिघडतो गं."

तुमच्या घरातल्या जुन्या फोटोंच्या कडा एकदा नीट बघाल का?