शेवटच्या पानावरची कोयरी

आमच्या शाळेच्या वाचनालयात मुलं पुस्तक मागून उघडतात. पाहुणे हसतात. हसू देत. ही सवय अनसूयाताई पागे यांनी लावली, आणि उज्जैनच्या मराठी माणसांनी जी दोन-चार शहाणपणाची कामं केली असतील त्यांत मी ती धरतो. हे आज म्हणतो. दोन वर्षांपूर्वी मीच ती मोडायला निघालो होतो.

शाळा आमच्या मराठी समाजाची, फ्रीगंजच्या मागच्या गल्लीत, पाचवीपर्यंत. वाचनालय म्हणजे जिन्याखालची खोली, दोन कपाटं आणि एक सतरंजी. अनसूयाताईंना घेतलं होतं ऑफिसात कारकून म्हणून. वाचनालयाची किल्ली त्यांच्या गळ्यात पडली, कारण ती दुसऱ्या कुणालाच नको होती.

वडिलांच्या रेल्वेतल्या बदलीमुळे त्या सात वर्षांच्या असताना अकोल्याहून इथे आल्या. इथल्या एका गुरुजींनी त्यांना बक्षीस म्हणून जाडजूड पुस्तक दिलं आणि "वाच, चांगलं आहे" म्हणाले. पाच पानांपुढे ते कधी सरकलं नाही, आणि आपणच मठ्ठ आहोत असं त्या पुढची तीन वर्षं समजत राहिल्या.

"मधुकरराव," त्या मला एकदा म्हणाल्या, "मोठ्या माणसानं चांगलं आहे म्हटलं न, की पोराला ते काढ्यासारखं लागतं. त्याला दुसऱ्या पोरानंच सांगायला पाहिजे."

म्हणून त्यांनी भैरवगढच्या एका कापड छापणाऱ्याकडून कड उडालेला लाकडी ठप्पा आणला, कोयरीचा. नियम एकच. पुस्तक पूर्ण वाचलं आणि मैत्रिणीला द्यावंसं वाटलं, तर शेवटच्या कोऱ्या पानावर एक कोयरी उमटवायची. नाही आवडलं तर काही करायचं नाही, कुणी विचारणार नाही. पुढचं पोर आधी मागचं पान उघडतं, कोयऱ्या बघतं आणि मग ठरवतं. पुस्तकं पातळ, चित्रांची, काही मराठी, काही हिंदी, हाताळून मळलेली. ताईंचा अंगठा शाईनं कायम निळा.

हे आमच्या अध्यक्षांना, भय्यासाहेबांना, खुपू लागलं. त्यांचे पूर्वज दरबारात दफ्तर सांभाळायचे, आणि ते दफ्तर बंद झालं हे भय्यासाहेबांनी अजून मान्य केलेलं नाही. "पोरं घरात 'मेरेको भूक लगी' म्हणून राहिलीत," ते म्हणाले. "शुद्ध मराठी पुस्तकांची यादी करा. इयत्तावार. बाकीचं हे ठप्पे मारून खराब केलेलं सगळं बाहेर."

मी समाजाचा सचिव, बँकेतून निवृत्त, हाताला काम नाही. दोन संध्याकाळी बसून साठ पुस्तकांची यादी केली. कशी केली तेही सांगून टाकतो. पुण्याच्या मेव्हण्याला फोन लावला आणि त्यानं सांगितली ती नावं उतरवली. साठांतली मी चार वाचली होती, तीही पन्नास वर्षांपूर्वी. ही चूक आमच्यासारख्यांनीच करावी. महाराष्ट्राबाहेर राहून राहून आम्हाला पुण्याहून आलेलं सगळं तीर्थ वाटतं, आणि तीर्थ काही कुणी चव बघून घेत नाही.

पुस्तकं आली. ताईंनी ती वरच्या फळीवर नीट लावली. "ठेवते," त्या म्हणाल्या, "पण कोयरीचा नियम यांनाही. सहा महिने बघू या, मग जुनी काढा." भय्यासाहेबांना यात धोका दिसला नाही. मलाही नाही.

सहा महिन्यांनी बैठक त्याच खोलीत भरली. ताईंनी साठही पुस्तकं सतरंजीवर शेवटचं पान उघडून मांडली होती. पांढरी शुभ्र. तीन पुस्तकांवर एकेक कोयरी, बाकी कोरी.

"पोरांना गोडी नाही," भय्यासाहेब म्हणाले.

ताईंनी ठप्पा आणि शाईची गादी त्यांच्यापुढे सरकवली. "पोरांचं सोडा. शिफारस तर तुमची आहे न? यातलं जे तुम्ही पूर्ण वाचलं असेल आणि स्वतःच्या नातीला द्यावंसं वाटत असेल, त्यावर मारा कोयरी. एकच मारा. जुनी सगळी मी स्वतः बांधून देते."

भय्यासाहेबांनी ठप्पा उचलला. पुस्तकांवरून नजर फिरवली, मग माझ्याकडे बघितलं. मी जिन्याच्या पायऱ्या खालून कशा दिसतात ते बघू लागलो. त्यांनी ठप्पा खाली ठेवला. खोटं बोलले नाहीत, एवढं श्रेय द्यायलाच हवं. पण खरं बोलावं लागल्याचा राग फार वाईट असतो.

"शनिवारी रद्दीवाला येईल," ते म्हणाले. "विषय संपला."

"ठीक आहे," ताई म्हणाल्या.

अशी बाई ठीक आहे म्हणाली की शहाण्यानं सावध व्हावं. आम्ही चहा प्यायलो आणि घरी गेलो.

शुक्रवारी शेवटच्या तासाला ताईंनी सगळे वर्ग सतरंजीवर बोलावले आणि जुनं एकूणएक पुस्तक मुलांच्या नावावर चढवलं. कुणाला दोन, कुणाला चार. शनिवारी रद्दीवाला तराजू घेऊन आला तेव्हा कपाटात फक्त यादीतली साठ उभी होती.

"पुस्तकं कुठे आहेत?" भय्यासाहेब कडाडले.

"वाचायला गेलीत." ताईंनी वाचनालयाची जुनी नियमावली पुढे केली. भय्यासाहेबांच्या वडिलांच्याच अक्षरात होतं, की वाचकाच्या नावावरचे पुस्तक त्याचे वाचून होईपर्यंत परत मागू नये.

रद्दीवाल्यानं वरच्या फळीकडे बोट दाखवलं. "साहब, ये नई वाली ले जाऊं क्या?"

सोमवारी भय्यासाहेबांचा कागद आला. पुस्तकं आठ दिवसांत परत आणावीत, अन्यथा श्रीमती पागे यांना कामावरून कमी करण्यात येईल. खाली माझ्या सहीची जागा. सचिवाच्या सहीशिवाय कागद चालत नाही.

तो घेऊन मी जिन्याखाली गेलो. "ताई, कशाला झंझट? एक ओळ माफीची लिहून द्या. मी सांभाळून घेतो."

"कशाची माफी? पोरांना पुस्तकं दिली म्हणून?" त्यांनी चष्मा काढला. "दिली असं मोठ्या अक्षरात लिहून देते. माफी मात्र लिहायची नाही. नोकरी घ्यायची तर घ्या, मधुकरराव. पण कागद तुम्ही स्वतः आणून द्या, शिपायाच्या हाती पाठवू नका."

तेवढ्यात तिसरीतली शर्वरी आत आली. हिला वाचताच येत नाही, असं तिच्या बाईंनी पालकसभेत चारचौघांसमोर सांगितलं होतं, तीच. बकरीला टांग्यात बसायचं असतं, त्या गोष्टीचं बावीस पानांचं पुस्तक तिनं टेबलावर ठेवलं. ठप्पा दोन्ही हातांनी दाबून कोयरी उमटवली, फुंकर मारून वाळवली आणि माझ्याकडे वळली.

"आजोबा, तुम्ही हे वाचलं?"

"नाही ग."

"मग घ्या न! मी पूर्ण वाचलं. बीच में थोडा डर लगता है, पण शेवटी ती बसते टांग्यात."

मी साठ पुस्तकांची शिफारस केली होती, आणि त्यांतल्या एकाबद्दलही मला एवढं सांगता आलं नसतं. लाज वाटली. मग स्वतःचाच राग आला, आणि तो बरा वाटला. ताईंनी मला न विचारता रजिस्टर उघडलं आणि पुस्तक माझ्या नावावर लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मी कागद भय्यासाहेबांपुढे ठेवला, तसाच, बिनसहीचा.

"सही?"

"करता येत नाही. एक पुस्तक माझ्याही नावावर आहे. वाचून होईपर्यंत परत मागता येत नाही. तुमच्या वडिलांचा नियम."

"किती पानांचं आहे?"

"बावीस."

"मग?"

"मी फार सावकाश वाचतो, भय्यासाहेब."

याला दोन वर्षं झाली. ताई अजून जिन्याखाली आहेत. बकरीच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर शर्वरीच्या कोयरीशेजारी माझी वाकडी कोयरी केव्हाच उमटली आहे. पण भय्यासाहेब जेव्हा जेव्हा विचारतात, तेव्हा मी तेराव्या पानावर असतो.