गव्हाचं सत्त्व

लासुर्ण्यात माझ्या हातच्या गव्हाच्या सत्त्वाचं नाव होतं. तीन दिवस गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, फडक्यातून गाळून, तळाशी बसलेलं पांढरं वाळवायचं. माझी लेक लहानपणापासून काडीसारखी. खाल्लेलं अंगी लागायचं नाही. म्हणून तिला रोज सकाळी दुधात शिजवलेलं सत्त्व, वाटीभर. आम्हा सगळ्यांना भाकरी, तिला मुद्दाम चपाती. मी शाळेत शिकवणारी बाई, घरातही माझीच शिस्त. वाटी रिकामी झाल्याशिवाय उठायचं नाही.

पुढे ती बारामती एमआयडीसीत नोकरीला लागली. डबा चपातीचाच. चोविसाव्या वर्षी तिचं पोट फुगलं, पाय सुजले. लग्न न झालेल्या पोरीच्या अशा पोटाकडे गाव कसं बघतं, ते काय सांगायचं. मीही एकदा तिला खोदून विचारलं. त्याची लाज अजून जात नाही.

बारामतीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून पुण्याला पाठवलं. यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरांमध्ये गुठळ्या झाल्या होत्या. त्याचं कारण शोधताना कळलं, पोरीला गहूच सोसत नाही. सिलिअ‍ॅक म्हणतात त्याला. काही रुग्णांत हे दोन्ही एकत्र दिसतं, पण एकामुळेच दुसरं झालं असं ठामपणे सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. माझ्यापुरता मात्र निकाल लागला होता.

वॉर्डात मी तिला विचारलं, "सत्त्व खाल्लं की दुखायचं का गं?"

"रोज."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं की. तू म्हणालीस, नाटकं करू नको."

मला काही आठवेना. शाळेत अशी कितीतरी नाटकं मी ओळखली होती, आणि त्याचा मला अभिमान होता.

गहू बंद केला. रक्त पातळ करायची औषधं सुरू झाली. पण यकृत तोवर पार गेलं होतं. दिवाळीनंतर ती गेली.

परवा शेजारीण वाटी घेऊन आली. "बाई, वाईच सत्त्व द्या की. नातीच्या अंगाला काय लागंना."

"पोट दुखतं म्हणते का?"

"म्हणती की. पर समदी नाटकं हायती."

मी तिला बसवून सगळं सांगितलं. आधी डॉक्टरला दाखव म्हणाले, हात जोडले. "बघू," म्हणून ती रिकामी वाटी घेऊन गेली.

संध्याकाळी कळलं, तिनं मागच्या आळीतून सत्त्व आणलं. तिथल्या बायकांना ते करायला मीच शिकवलं होतं.