पाटीवरचा 'कै.'

धुळ्याबाहेरच्या वनउद्यानात मी जिवंतपणी स्वर्गवासी झालो, तो रविवार होता.

वर्षापूर्वी तिथे वडिलांच्या आठवणीसाठी मी कडुलिंब लावायला दिला. ते गेले तेव्हा त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या, मोडलेल्या पायाने देवपुरात पडून होती. भावाच्या तोंडात पाणी घालायचं राहून गेलं, हे तिच्या मनातून जाईना. आम्ही तिला अक्का म्हणतो. चालता यायला लागल्यावर म्हणाली, "तोंडमा नही तर मुळमा घालसू." घरून तांब्या भरून घेतला आणि वाटेत चहाही नाकारला.

चिंच, बाभूळ, करंज मागे टाकत आम्ही चाललो होतो. मी पुढे, मंत्र्याला प्रकल्प दाखवावा तसा. "हा पाहा तुझा भाऊ!" म्हणत मी झाडाकडे हात केला आणि हात तसाच राहिला.

मागाहून लावलेल्या पाटीवर ठसठशीत अक्षरांत 'कै.' आणि पुढे माझं नाव.

अक्का चौथी शिकलेली. तिने बोट ठेवून अक्षर न् अक्षर वाचलं, मग मला खालून वर न्याहाळलं.

"तू कव्हय मरना रे? आमले सांगं बी नही!"

आळ्यात नुकतंच पाणी सोडून उभे राहिलेले उद्यानाचे माळीबाबा खोकल्याआड हसले. "भाऊ, अर्जात होतं तेच रंगवलं."

अर्ज मला आठवला. 'पूर्ण नाव' एवढाच रकाना. मी माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव लिहिलं आणि वडील वारलेले म्हणून मधल्या नावाच्या डोक्यावर बारीक 'कै.' चढवला. रंगाऱ्याने त्याला मानाची जागा दिली, सगळ्यांच्या पुढे!

अक्काने तांब्या छातीशी धरला. "जित्ता मानूसना नावनं पानी मी नही देवाव."

"अक्का, झाड त्यांचंच आहे!"

"पाटी तर तुनी शे!"

तिचे डोळे भरले. भावाचं पाणी दुसऱ्यांदा राहणार होतं.

अक्का पुन्हा पाटीशी गेली. ओठ हलवत वाचलं. मग वाकून, आळ्यातला ओला चिखल चिमटीत घेऊन, तिने फक्त माझ्या नावावर थापला. उरलं ते: कै., वडिलांचं नाव, आडनाव.

"बापनी जागा आडायी बठेल व्हता तू," ती म्हणाली आणि तांब्या हळूहळू मुळाशी ओतत गेली. तळातली ओंजळ तेवढी माझ्या चपलांवर शिंपडली.

"ले, तुले बी."