नानाखेड्याचा पत्ता नानाखेड्यालाच

सुलू हसते तेव्हा आधी तिचे खांदे हलतात, मंग पोट, अन् आवाज सगळ्यात शेवटी बाहेर पडतो. आमच्या अकोटाकडची बाई. नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीमागं उज्जैनला आली, फ्रीगंजातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात केबली ओढता ओढता नेटवर्कचं काम शिकली, परीक्षा देऊन पक्की झाली. हिंदी फर्राटेदार बोलते, पण मराठी बोलायची तर वऱ्हाडीच. कोणी नाक मुरडलं तर म्हणते, "तुमची मराठी पेटीतली हाय, आमची रोज नेसाची."

औंदा तिनं दुकान सोडून स्वतःचं काम सुरू केलं, अन् पहिलंच गिऱ्हाईक भेटलं भय्यासाहेब. फ्रीगंजात त्यांची बसची कंपनी. त्यांनी नानाखेडा बस स्टँडजवळची दुसरी एक ट्रॅव्हल्स विकत घेतली होती. आता दोन्हीकडच्या कॉम्प्युटरांनी एकमेकांशी बोलायचं होतं, म्हणजे इकडच्या माणसाला तिकडच्या गाडीची सीट देता येईल. गोची अशी, की फ्रीगंजची मशिनं एकमेकांना रस्ते सांगत ओएसपीएफच्या भाषेत, अन् नानाखेड्याची आरआयपीच्या. मधात बसणारी फायरवॉल म्हणजे राखणदार. एका भाषेतले रस्ते दुसरीत सांगणं हे तिच्या गळ्यात. अशा दोन फायरवॉल होत्या, एक फायबरच्या लाइनवर, एक जादाच्या लाइनवर. सिंहस्थाच्या कामांनी शहरभर रस्ते उकरलेले, फायबर कधी तुटेल नेम नाही, म्हणून दोन्ही लाइनी चालूच पाहिजेत ही भय्यासाहेबांची अट.

"संध्याकाळच्या गाड्यांचं बुकिंग सुरू व्हायच्या आत झालं पाहिजे बरं का सुलूताई," ते म्हणाले. "नाही तर इंदौरवाले तयारच बसलेत. साल भरचं काम त्यांना देऊन टाकीन. बुरा मत मानना."

"काहून बुरा मानू? तुमी चहा सांगा."

पहिली फायरवॉल लावली, काम चाललं. दुसरी लावली, अन् सगळं येड्यासारखं गरगर फिरायला लागलं. नानाखेड्याच्या काउंटरवरून माणिकचा फोन आला. माणिक तिथला मॅनेजर, अन् नानाखेड्यातच राहणाऱ्या सुलूचा शेजारी.

"वहिनी, हे काय करून ठेवलं? तिकीट काढलं की नुसती चकरी फिरते. एक काका भोपाळला निघालेत, ते माझ्या डोक्यावर बसलेत!"

"उतरव त्याइले खाली, अन् पाणी पाज."

"वहिनी, मजाक नको!"

सुलूनं तपासलं. फ्रीगंजातून निघालेला निरोप काउंटरला पोचतच नव्हता. एका फायरवॉलमधून तिकडं, दुसरीतून परत इकडं, पुन्हा पहिलीकडं. जत्रेतल्या पाळण्यात बसल्यावानी. तिनं हे बदललं, ते बदललं, मशिनं बंद-चालू केली, काही उपयोग नाही. भय्यासाहेब घड्याळ पाहून गेले, अन् परत आले ते फोन कानाला लावूनच. "हां जी, इंदौर? आप जरा तैयार रहना." सुलूनं ते ऐकलं. पहिलंच काम असं हातचं गेलं तर फ्रीगंजात दुसरं कोण देणार?

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून भय्यासाहेबांच्या पत्नी, कुसुमवहिनी, तबक घेऊन उतरल्या.

"सवाष्ण पहिल्यांदा दारी आली, अन् तशीच जाईल होय? ओटी घे."

"वहिनी, इथं आग लागली हाय!"

"लागू दे. पाच मिनिटांनी विझव."

मांडीवर लॅपटॉप, त्याच्यावर पसरलेली ओढणी, ओढणीत तांदूळ, नारळ अन् जांभळ्या काठाचा पिवळा ब्लाउज पीस. काही तांदूळ कीबोर्डात सांडले. सुलूनं पीस उचलला, अन् तिचे खांदे हलायला लागले. काठाजवळ वाटाण्याएवढा भाजका डाग. इस्त्री करताना तिच्याच हातून पडलेला! डाग घडीत लपवून तिनं तो पीस संक्रांतीला माणिकच्या बायकोला, नंदाला, खपवला होता.

"वहिनी, हा कोणं देल्ला तुमाले?"

"नानाखेड्याच्या नंदानं. का गं?"

"अन् नंदाले म्या देल्ला व्हता!"

कुसुमवहिनींनी जीभ चावली, अन् मंग दोघी अशा खदखदल्या की नारळ खाली गडगडला.

"अरे भई," भय्यासाहेब ओरडले, "इथं माझा धंदा बसलाय!"

सुलूचं हसू मधातच थांबलं. नानाखेड्यातून निघालेला पीस फ्रीगंज फिरून नानाखेड्यालाच परत, अन् वर नवा म्हणून. फायरवॉल तेच करत होत्या. पहिली नानाखेड्याचा पत्ता फ्रीगंजला सांगत होती. दुसरी तोच पत्ता फ्रीगंजची ताजी खबर म्हणून नानाखेड्याला सांगत होती. अन् नानाखेडं असं खुळं, की आपल्याच घरी जायला फ्रीगंजचा रस्ता धरत होतं.

"माझ्याकडं आलेल्या दरेक पिसाच्या कोपऱ्याले मी दोरा बांधते," सुलू म्हणाली. "ज्या घरून आला त्या घराचा रंग. त्या घरी तो परत जात नाही. घरी बरं सुचते मले, अन् इथं अक्कल कुठं गेली व्हती?"

रस्त्यालाही असा दोरा बांधता येतो, त्याला टॅग म्हणतात. तिनं दोन्ही फायरवॉलना बजावलं: नानाखेड्याकडून आलेला रस्ता फ्रीगंजला सांगा, पण टॅग लावून, अन् तो टॅग ज्याच्यावर दिसेल तो रस्ता परत नानाखेड्याला सांगायचा नाही. फ्रीगंजच्या रस्त्यांना वेगळा टॅग, कायदा तोच.

फोन वाजला. "वहिनी! काकांना सीट मिळाली! खिडकीची!" माणिकच्या मागं टाळ्या पडत होत्या.

भय्यासाहेब मात्र व्यापारी माणूस. त्यांनी स्वतःच्या हातानं फायबरची वायर उपटली. "आता?"

पडदा जरासा अडखळला. सगळे त्याच्यावर वाकले. मंग जादाच्या लाइनवरून दुसरं तिकीट निघालं, तिसरं निघालं. कुसुमवहिनींनी नवऱ्याच्या हातातली वायर काढून घेतली. "द्या इकडे. झालं ना समाधान?"

इंदौरचा फोन आलाच. "नहीं भैया, जरूरत नहीं," भय्यासाहेब म्हणाले. "साल भरचं, मतलब साल भर का काम दे दिया. हमारे यहाँ की बाई ने कर दिया."

"इंजिनियर म्हना," सुलू म्हणाली.

"इंजिनियर बाई ने."

तिकडून काही तरी विचारलं. भय्यासाहेबांनी फोन तिच्यापुढं धरला. "विचारतोय, कोणत्या कंपनीची आहेस."

सुलूनं घसा साफ केला. "खुद की है," ती म्हणाली, अन् खांदे हलायच्या आत फोन ठेवून दिला.