चिठ्ठीत निघालेली बाजू

माझ्या जिभेला हाड नाही, हे मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आले. पुढे त्याच जिभेवर मी मुलींना भूगोल शिकवला आणि जबलपूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात वादविवादाचं बक्षीस वर्षानुवर्षं घरी आणलं. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तिथल्याच रांझी भागातल्या कारखान्यात कामगार आणि सुट्टीच्या दिवशी एका पुढाऱ्याचा कार्यकर्ता. झेंडे बांधायचे, माणसं गोळा करायची, सभेत पहिली टाळी वाजवायची. आम्ही दोघं एका ताटावर बसलो की पहिल्या घासालाच जुंपायची.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ उठलं. समुद्र कुठे, आम्ही कुठे, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. त्याचं नुसतं शेपूट आमच्यावरून फिरलं, पण त्यानंही क्वार्टरांचे पत्रे कागदासारखे उडवले. एक पत्रा दावणीला बांधलेल्या गाईच्या मानेत शिरला. ती बराच वेळ उभीच होती आणि मग गुडघ्यांवर बसली. रांझीच्या रस्त्यावर, ज्या रुंदीकरणासाठी दादाच्या पुढाऱ्यानं मोर्चे काढले आणि दादानं घोषणा दिल्या, त्यासाठी एका बाजूनं खणून ठेवलेलं कडुनिंबाचं झाड मुळासकट पडलं ते सायकलवरून ड्यूटीला निघालेल्या माणसावर. तो दादाच्याच सेक्शनमधला होता. दादानं आणि आणखी दोघांनी त्याला फांद्यांखालून ओढून काढलं, तेव्हा त्याची छाती पार चेपून गेली होती. दादा घरी आला तो शर्ट रक्तानं कडक झालेला. त्यानं आंघोळ केली, शर्ट स्वतः धुतला आणि त्या दिवशी माझ्याशी भांडला नाही.

मग गावात दुसरं वादळ सुरू झालं. दादाचा पुढारी सभेत म्हणाला की वादळं आजोबांच्या काळीही येत होती, हवा तापली वगैरे हे रस्ता अडवणाऱ्यांचं थोतांड आहे. विरोधी बाजूचे म्हणाले, झाडं यांनीच कापली, आता भोगा. ज्यांनी जन्मात हवामानाचा विचार केला नव्हता ते पानाच्या टपरीवर एकमेकांच्या कॉलरी धरू लागले. सराफ्यात एका दुकानदारानं शेजाऱ्याला दुकानाचं कुलूप फेकून मारलं. चार टाके पडले. कारण काय, तर समुद्र तापला की नाही.

अशात गणपती आले, आणि मंडळानं विषय ठेवला: ‘वादळं वाढली ती माणसामुळेच.’ आमच्याकडे बाजू निवडता येत नाही. चिठ्ठी उचलायची आणि जी निघेल ती बाजू मांडायची, मग ती पटो न पटो. ही पद्धत मंडळाइतकीच जुनी. सूत्रसंचालन करणारे काका निवृत्त हेडमास्तर. निदान सूचना तरी शुद्ध मराठीतच व्हायला हव्यात, असा त्यांचा हट्ट. म्हणून चिठ्ठ्यांचा नियम त्यांनी मराठीत सांगितला. भाषणं मात्र हिंदीत व्हायची, कारण पोरांना मराठी धड बोलता येत नाही आणि पाहुणेही असतात. यात काही चुकतंय असं त्या संध्याकाळपर्यंत कुणालाच वाटलं नव्हतं, मलाही नाही.

त्या वर्षी दादानंही स्पर्धेत नाव दिलं होतं आणि पक्षातल्या पाच-सहा जणांना प्रसादाला बोलावलं होतं. ते मागच्या रांगेत बसले होते. सगळे हिंदी बोलणारे.

दादाची चिठ्ठी अनुकूल निघाली, माझी प्रतिकूल. म्हणजे मला त्याच्या पुढाऱ्याचं बोलायचं होतं आणि त्याला माझं. सभागृहातले मराठी लोक हसले. दादा एरवी अडखळत बोलायचा. त्या दिवशी अडखळला नाही. “उसको मैंने इन हाथों से निकाला,” तो म्हणाला. “समंदर गरम हुआ, ये मेरी बहन स्कूल में पढ़ाती है. पर जड़ें तो हमने काटीं. और नारे मैंने लगाए थे.” पुढच्या रांगेत एक बाई डोळे पुसत होती.

मी हरत होते. मी तेव्हा जरा पडतं घेऊन बोलले असते तर काय बिघडलं असतं? पण मला हरायची सवय नव्हती. मी माइक हातात घेतला आणि आवाज चढवला. रस्ता नको म्हणणारे शहराचे वैरी आहेत, मेलेल्या माणसाच्या नावानं हे स्वतःची पोळी भाजून घेतात. मागून टाळ्या सुरू झाल्या. त्या टाळ्यांची नशा चढते, आणि मला चढली. “ऐसे आदमी का हाथ पकड़ो,” मी दादाकडे बोट दाखवून म्हणाले, “और मंच से नीचे उतारो.”

दोघं जण उठून आलेच. एकानं दादाचा हात धरला. दादाला तो खेळाचाच भाग वाटला. तो हसला. दुसऱ्यानं पूर्ण ताकदीनिशी त्याच्या डाव्या कानावर फटका मारला. दादा स्टेजच्या पायरीवर कोसळला. मग लाथा. पोटात, पाठीत, पुन्हा त्याच कानावर. “गद्दार,” प्रत्येक लाथेबरोबर ते म्हणत होते. काका मराठीत ओरडत होते, “अहो, ही स्पर्धा आहे, स्पर्धा.” मी वेळ संपल्याची पितळी घंटा उचलली आणि एकाच्या तोंडावर हाणली. त्याची भुवई फाटली. त्यानं रक्त पुसत माझ्याकडे पाहिलं, आणि तो खरोखर गोंधळला होता.

“दीदी, आपने ही तो बोला था.”

ठाण्यात दादा कानाला पंचा लावून बाकावर बसला होता. पंचा लाल झाला होता. त्या दोघांनी बिनदिक्कत सांगितलं की मॅडमनं माइकवरून सांगितलं, साऱ्या हॉलनं ऐकलं. हवालदारानं माझं नाव आणि शाळा विचारली. आमच्या शाळेचं व्यवस्थापन कसं आहे ते दादाला ठाऊक होतं. पोलिसांत नाव गेलेली बाई दुसऱ्या दिवशी घरी. मी तोंड उघडणार इतक्यात तो म्हणाला, “लिख लो साहब, सीढ़ी से गिरा. किसी ने नहीं मारा.”

बाहेर आल्यावर मी त्याच्यावरच तुटून पडले. “काहून खोटं बोललास? त्यांना असंच सोडून देऊन राहिलास?” तो माझ्या ओठांकडे पाहत होता.

“या बाजूनं नको बोलू,” तो म्हणाला. “इकडून काहीच ऐकू नाही येऊन राहिलं.”

त्या कानानं त्याला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. माझी नोकरी निवृत्तीपर्यंत टिकली.

त्या वेळी मी वळसा घालून त्याच्या उजव्या हाताला गेले. मला रडू आवरत नव्हतं. म्हटलं, दादा, देवाशपथ, मला त्यातला एक शब्द पटत नव्हता, चिठ्ठीच तशी निघाली.

“मालूम आहे मला,” दादा म्हणाला. “पण बोलताना तुला मजा येऊन राहिली होती. ते मी पाहिलं.”